एक बाक, दोन पियानो आणि वर्धेची वाट

१८६६ साली पृथ्वीवर कोठेही संगीत ऐकायचे असेल, तर बहुतेक वेळा ते कोणीतरी त्याच क्षणी, कानाच्या टप्प्यात, गात किंवा वाजवत असणे भाग होते. राजाची या अटीतून सुटका नव्हती आणि रंकाचीही नव्हती. आजचा थ्रेड या अटीविषयी आहे. निमित्त आहे योहानेस ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या सोळा छोट्या वॉल्ट्झचे, आणि त्यांतून त्याने दोन पियानोंसाठी निवडलेल्या पाचांचे.

नागपूरहून दक्षिणेला निघालेला महामार्ग वर्धा जिल्ह्यात जामला फुटतो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. जामच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या कोणाही तरुणाला हे पाचही वॉल्ट्झ गाडी येण्याआधी फोनवर ऐकून संपवता येतील. सगळे मिळून ते दहा मिनिटांचेही नाहीत. याच संगीतासाठी व्हिएन्नातील सुखवस्तू कुटुंबाला एक अवजड वाद्य, वाजवायला शिकलेली दोन माणसे आणि एक मोकळी संध्याकाळ लागत असे. या दोन टोकांच्या मधल्या काळात काय घडले, आणि ते घडत असताना वर्धा जिल्हा त्या गोष्टीत कोठून आला, ते पाहू.

ब्राम्सचा जन्म १८३३ चा, हॅम्बुर्गचा. वडील डबल बास वाजवत. नाचाच्या ठिकाणी वाजवून पोट भरणाऱ्या वादकांच्या जगातून ते वर आले होते. तेव्हा नाचाचे संगीत हे ब्राम्सच्या घरी कलेच्या आधी उपजीविकेचे साधन होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल. वयाच्या विसाव्या वर्षी, १८५३ मध्ये, रॉबर्ट शूमानने एका लेखातून त्याला संगीताचा भावी नायक म्हणून जाहीर केले. असे भाकीत डोक्यावर घेऊन जगणे सोपे नसते. पुढची अनेक वर्षे ब्राम्स गंभीर, भारदस्त, काहीसा हट्टी संगीतकार म्हणूनच ओळखला गेला. १८६२ मध्ये तो व्हिएन्नाला आला आणि अखेरीस तेथलाच झाला.

१८६५ च्या आरंभी त्याने वॉल्ट्झ लिहिले. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला त्याची आई वारली, आणि त्यानंतरच्या काळात त्याचे ‘जर्मन रेक्विएम’ हे मोठे शोकसंगीत आकाराला आले. एका बाजूला नाच, लगेच दुसऱ्या बाजूला मरण: चरित्रकारांना अशी जुळणी फार आवडते. परंतु नाचाची वही आधीची आहे. तिच्यात शोक शोधायला जाणे म्हणजे तारखा उलट्या वाचणे.

ही वही त्याने एदुआर्द हान्सलिक या समीक्षकाला अर्पण केली. हान्सलिक हे व्हिएन्नातील वजनदार नाव. संगीताचे सौंदर्य भावनांच्या वर्णनात नसून स्वरांच्या स्वतःच्या रचनेत असते, असा सिद्धान्त मांडणारे त्याचे पुस्तक १८५४ मध्ये निघाले होते. अशा माणसाला वॉल्ट्झ अर्पण करणे हे जरासे खट्याळपणाचेच होते. ब्राम्सने पत्रात या रचनांचे वर्णन शूबर्टच्या वळणाचे निरागस छोटे वॉल्ट्झ असे केले, आणि हान्सलिकला आश्चर्य वाटले ते याचेच, की उत्तर जर्मनीतला हा अबोल, गंभीर माणूस चक्क वॉल्ट्झ लिहितो! शूबर्टचे नाव मात्र उगाच घेतलेले नव्हते. १८२८ मध्ये निवर्तलेल्या शूबर्टचे बारा लेंडलर, म्हणजे वॉल्ट्झच्या ग्रामीण पूर्वजाच्या जातीचे नाच, ब्राम्सने १८६४ मध्ये स्वतः संपादून छापवले होते. दप्तरातून जुना कागद काढावा, तो वाचता वाचता आपल्यालाच लिहावेसे वाटावे, अशी ही गोष्ट आहे.

त्या वर्षांतले व्हिएन्नाही ध्यानात घ्यायला हवे. जुना तट पाडून त्या जागी बांधलेला रिंगश्ट्रासे हा रुंद राजमार्ग १ मे १८६५ रोजी खुला झाला. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. वॉल्ट्झची वही त्याच वर्षी विंटरटूरच्या रीटर-बीडरमान या प्रकाशकाने छापली. आणि १५ फेब्रुवारी १८६७ रोजी योहान श्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ प्रथम ऐकवला गेला. पराभूत शहर दुःख विसरायला नाचू लागले, हे वाक्य येथे हमखास लिहिले जाते. ते फसवे आहे. व्हिएन्ना त्याआधीही अर्धशतक नाचतच होते.

वॉल्ट्झ म्हणजे काय, हे मराठी कानाला सांगणे अवघड नाही. आपला दादरा सहा मात्रांचा: तीन-तीनचे दोन विभाग, पहिल्यावर सम, चौथीवर खाली. वॉल्ट्झमध्ये खाली नाही. तीन मात्रा होतात आणि पुन्हा सम येते, पुन्हा तीन, पुन्हा सम. पहिली मात्रा जड, पुढच्या दोन हलक्या. नाचणाऱ्या जोडीचा पाय दर तिसऱ्या मात्रेनंतर जमिनीला भार देतो आणि शरीर गिरकी घेते. व्हिएन्नाच्या पद्धतीत दुसरी मात्रा किंचित लवकर पडते, त्यामुळे तालाला झोकांडी दिल्यासारखी गोड ओढ लागते. कागदावर ती लिहून दाखवता येत नाही. ती हातात असावी लागते.

या सोळा रचना मूळात एका पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी आहेत, आणि खरी गंमत येथेच आहे. दोन माणसे, चार हात, एक बाक. उजवीकडे बसणारा उंच स्वर घेतो, बहुधा चालही त्याच्याकडे असते. डावीकडचा खर्ज आणि ताल सांभाळतो. स्वर लांबवण्याची पायपट्टी एकच असते आणि ती साधारणतः डावीकडच्याच्या पायाखाली येते. म्हणजे एकाचा स्वर किती वेळ गुंजायचा हे दुसऱ्याचा पाय ठरवतो. पट्ट्यांच्या मध्यभागी एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा हात एकमेकांच्या वाटेत येतात. कोपर कोठे ठेवायचे, कोणी हात आधी उचलायचा, पान कोणी उलटायचे, हे सगळे न बोलता ठरवावे लागते. तरुण-तरुणींनी जवळ बसण्यावर पुष्कळ निर्बंध असलेल्या समाजात चार हातांचा पियानो ही मोठी सोय होती, असे इतिहासकार उगाच म्हणत नाहीत. बहिणी-बहिणी, आई आणि मुलगा, शिक्षक आणि शिष्या यांचे कित्येक तास या बाकावर गेले.

या बाकाला एक बाजारही होता. सिम्फनी ऐकायला वाद्यवृंद हवा, तो मोठ्या शहरातच असायचा आणि तेथेही एखादी रचना वर्षात फार तर एक-दोनदा वाजे. म्हणून प्रकाशक तिचे चार हातांसाठी रूपांतर छापत. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक रसिकांनी बेथोव्हनच्या सिम्फन्या प्रथम ऐकल्या त्या स्वतःच्याच बोटांतून. आज ‘रूपांतर’ म्हटले की दुय्यम वस्तू डोळ्यांपुढे येते. तेव्हा मात्र बहुतेकांच्या घरी मूळ रचना पोहोचत होती ती या रूपांतराच्या अंगानेच.

महाराष्ट्रात याला समांतर जाणारी गोष्ट आहे, पण ती सुमारे पंधरा वर्षांनी सुरू होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि पुढे नाटकाची पदे गावोगाव घराघरांत शिरली. पियानोच्या बाकाची जागा येथे पेटीने घेतली. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबाँने पेटंट घेतलेला हार्मोनियम हिंदुस्थानात येऊन मांडीजवळ बसला. मग विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपीची पुस्तके छापली. विष्णु नारायण भातखंड्यांनी मराठीतून क्रमिक पुस्तके रचली. गुरूच्या घरातले संगीत विकत आणता येईल अशा वहीत उतरू लागले. व्हिएन्नाची वही आणि ही वही एकसारखी मात्र नव्हे. आपल्या वहीत बंदिशीचा सांगाडा असतो, त्यात जीव गाणाऱ्याने घालायचा. ब्राम्सच्या वहीत दोघांच्या वीस बोटांचे काम स्वरागणिक लिहून दिलेले असते.

आता दोन पियानोंकडे वळू. चार-हाती वहीनंतर ब्राम्सने हेच सोळा वॉल्ट्झ एकट्याने वाजवण्यासाठी लिहिले, तेही दोन तऱ्हांनी: एक सरावलेल्या हातांसाठी, दुसरी सोपी करून, नवशिक्यांसाठी. वडिलांच्या धंद्याची जाण येथे दिसते. गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला कळत होते. याखेरीज पहिला, दुसरा, अकरावा, चौदावा आणि पंधरावा असे पाच वॉल्ट्झ त्याने दोन पियानोंसाठी मांडले.

या मांडणीत बाक नाहीसा होतो. दोघांना आपापले वाद्य मिळते, सातही सप्तके, आपापली पायपट्टी. कोपर कोणाच्या वाटेत येत नाही. एकमेकांच्या हातांमधून पूर्वी गुपचूप सरकणारे स्वर आता ऐसपैस पसरतात. चाल एका वाद्यावरून दुसऱ्यावर फेकता येते आणि ऐकणाऱ्याला ती जाताना कळते. पियानो समोरासमोर ठेवले तर शेजारी बसलेली माणसे समोरासमोर येतात. याला जुगलबंदी म्हणण्याचा मोह होईल, पण येथे कोणी कोणाला आव्हान देत नाही आणि आयत्या वेळी काही सुचवतही नाही. दोघे मिळून आधीच ठरलेले एकच वाक्य बोलतात. ते एकाच श्वासात बोलणे, शेजाऱ्याचे हात दिसत नसताना, हीच त्यातली कसोटी.

पण दोन पियानो कोणाच्या घरी असणार? संगीतशाळेत, वाद्यविक्रेत्याच्या दालनात, मैफिलीच्या सभागृहात, क्वचित एखाद्या धनिकाकडे. ब्राम्सला हा प्रकार परका नव्हता. त्याच्या एका पंचकाने तंतुवाद्यांपासून दोन पियानोंच्या सोनाटापर्यंत आणि तेथून पियानो-पंचकापर्यंत प्रवास केला होता. हायडनच्या चालीवरील त्याच्या व्हेरिएशन्सचेही दोन पियानोंसाठीचे रूप आहे, आणि १८७३ मध्ये ते त्याने क्लारा शूमानसोबत वाजवले. ती मोठी, सभागृहात शोभणारी कामे होती. हे पाच छोटे नाच मात्र दिवाणखान्यात जन्मले होते आणि त्यांना दिवाणखान्यात न मावणारी वाद्ये मिळाली. त्यांची दोन पियानोंची आवृत्ती छापून आली ती १८९७ मध्ये, ब्राम्सच्या निधनाच्या वर्षी. चार हातांच्या वहीला लगेच प्रकाशक मिळाला आणि दोन पियानोंच्या वहीला तीस वर्षांनी, यात संगीताच्या गुणवत्तेचा संबंध कमी आहे आणि घरांच्या आकाराचा जास्त.

ब्राम्स व्हिएन्नात हे करत होता तेव्हा वर्ध्याकडे काय होते? १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा बनवला गेला. वर्धा शहर वसले १८६६ मध्ये, म्हणजे वॉल्ट्झची वही छापली गेली त्याच वर्षी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला होता आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव साहेबाच्या दप्तरात वारंवार येऊ लागले होते. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, मुंबईच्या शेअरबाजाराचे दिवाळे निघाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पियानोची वाटही याच व्यापाराच्या जाळ्यातून जाते. त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत लावत, आणि पूर्व आफ्रिकेचे हस्तिदंत झांजिबारहून मुंबईच्या बाजारात व तेथून लंडनला जाण्याचा रस्ता त्या शतकात रुळलेला होता. मुंबईची फुर्टाडोस ही वाद्यांची पेढी आपले स्थापनावर्ष १८६५ सांगते. म्हणजे पियानोशी मुंबईचा संबंध होता. वर्ध्याचा तेव्हा नव्हता. वर्ध्याहून गाठी जात होत्या, वाद्य येत नव्हते.

ते नाते जुळायला एका यंत्राची गरज पडली. २ डिसेंबर १८८९ रोजी एडिसनचा एक प्रतिनिधी फोनोग्राफ घेऊन आला आणि ब्राम्सने त्यापुढे स्वतः पियानो वाजवला: आपला पहिला हंगेरियन नाच आणि योझेफ श्ट्राउसच्या एका नाचाचा तुकडा. ते मुद्रण आज ऐकले तर खरखरीच्या पडद्यामागे पियानो अंधुक जाणवतो, इतकेच. परंतु लेखाच्या आरंभी सांगितलेली अट त्या दिवशी त्याच्याच बोटांखाली सैल झाली. घरोघरच्या बाकाच्या बळावर जगणारा संगीतकार बाकाला निवृत्त करणाऱ्या यंत्रापुढे बसला होता.

दुसरे यंत्र होते आपोआप वाजणाऱ्या पियानोचे. कागदाच्या गुंडाळीवर छिद्रे, त्या छिद्रांच्या हुकमाने पट्ट्या दबतात. बोटांची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या एका घरात असे यंत्र आले आणि त्यावर मॅडेलिन स्लेड या मुलीने बेथोव्हनचा एक सोनाटा ऐकला. त्या स्वरांनी त्यांना जे पकडले ते आयुष्यभर. वडील नौदलातले मोठे अधिकारी. ते ईस्ट इंडीज आरमाराचे प्रमुख असताना मॅडेलिन मुंबईत राहूनही गेल्या होत्या, पण तेव्हा हिंदुस्थान त्यांना दिसला नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जर्मन संगीताविषयी कटुता असताना त्यांनी फ्रेडरिक लॅमंड या बेथोव्हनवादकाच्या मैफिली घडवून आणल्या. बॉनला गेल्या, व्हिएन्नाला गेल्या. बेथोव्हनवर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँना भेटायला गेल्या आणि त्यांच्याकडून दुसरेच नाव घेऊन परतल्या. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या साबरमतीला पोहोचल्या. गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले.

पुढची गोष्ट वर्धा जिल्ह्याची आहे. १९३० च्या दशकाच्या मध्याला मीराबेन वर्ध्याजवळच्या सिंदी गावात सफाईचे काम करत होत्या. मग सेगावला जाऊन राहिल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला आले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. आज ‘बापू कुटी’ म्हणून जी झोपडी पाहायला लोक जातात ती मूळची मीराबेनची. तेथे कापूस पिंजला जाई, सूत काढले जाई, प्रार्थना होत. आश्रमाच्या भजनांना सूर दिला होता पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी, साबरमतीच्या दिवसांतच. पियानोला त्या अंगणात जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. मीराबेनची निष्ठा बेथोव्हनवर होती, ब्राम्सवर नव्हे. परंतु ज्या वाटेने व्हिएन्नाचे पियानोसंगीत परक्या माणसाच्या आयुष्यात शिरते, ती वाट दोघांची एकच.

मीराबेनची कथा सांगताना बेथोव्हनला नांदीपुरते ठेवायचे आणि गांधीजी आले की पडदा पाडायचा, अशी आपली रीत आहे. ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. १९५९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि त्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या वनप्रदेशात, बाडेनच्या परिसरात जाऊन राहिल्या. बेथोव्हन उन्हाळे काढायला जेथे जात असे, तोच हा परिसर. दोन दशकांहून अधिक काळ तेथे त्या बेथोव्हनचा अभ्यास करत राहिल्या. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. बेथोव्हन हे त्यांचे तारुण्यातले वेड होते आणि ते सेवाग्रामने पुसून टाकले, असे मानणाऱ्यांनी या शेवटच्या बावीस-तेवीस वर्षांचे काय करायचे ते सांगावे. एक स्त्री वर्ध्याच्या मातीत राबली आणि व्हिएन्नाच्या जंगलात म्हातारी झाली, हे एकाच आयुष्याचे दोन भाग आहेत.

मुंबईचाही एक धागा येथे येऊन मिळतो. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला; त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये शिकायला व्हिएन्नाला गेला आणि तेथल्या म्युझिकफेराइनच्या सभागृहात त्याने ब्राम्सची पहिली सिम्फनी ऐकली. प्रत्यक्ष वाद्यवृंदाचा तो आवाज कसा अंगावर आला हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्याच सभागृहात नववर्षाच्या वॉल्ट्झ-मैफिलीचे संचालन या मुंबईकराने पाच वेळा केले.

आता ऐकण्याविषयी. पंधरावा वॉल्ट्झ आधी घ्यावा. तो सर्वांत प्रसिद्ध आहे आणि अंगाईसारखा सोपा वाटतो. प्रथम मूळ चार हातांचा ऐकावा. मग एकट्या पियानोचा: मूळात ए मेजरमध्ये असलेली रचना ब्राम्सने येथे अर्ध्या स्वराने खाली, ए-फ्लॅटमध्ये आणली आहे, आणि चाल तीच असून रंग किंचित गडद झाल्याचा भास होतो. त्यानंतर दोन पियानोंचा. हेडफोन असतील तर एक वाद्य डाव्या आणि एक उजव्या कानाला ठेवून केलेले मुद्रण शोधावे, म्हणजे चाल कोणाकडून कोणाकडे जाते ते कळेल. चौदाव्यात आणि अकराव्यात हंगेरियन वाजंत्र्यांची चुणूक आहे. मूळ वही सोळाव्या वॉल्ट्झवर, हळू आवाजात, मायनर स्वरांत संपते. दोन पियानोंच्या निवडीत तो सोळावा नाही. तेथे अखेरचा पंधरावा आहे, आणि त्यानंतर दोन्ही वाद्ये गप्प होतात.